व्ह्यूज आले, पैसे कुठे अडले?

यूट्यूब स्टुडिओत दिसणारा कमाईचा आकडा आणि पासबुकात उमटणारा आकडा यांच्यामध्ये टपालाचं एक पाकीट, एक अमेरिकी फॉर्म, बँकेच्या परकीय चलन विभागाचा एक फोन आणि कधी कधी तीन-चार महिने उभे असतात. व्हिडिओ कसा करावा हे सांगणारे पुण्यात पेठेगणिक सापडतील. त्यामुळे इथे कॅमेऱ्याबद्दल कमी आणि पैशाच्या वाटेबद्दल जास्त लिहितो आहोत. मराठी चॅनेल चालवणारा माणूस व्ह्यूज कमी पडले म्हणून जितका अडतो, त्याहून जास्त हक्क, कागद आणि बिल यांत अडतो. आमच्या पाहण्यात तरी असंच आहे.

यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू होण्याची अट सगळ्यांना पाठ असते: १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत लोकांनी पाहिलेले ४,००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. त्याच्या खाली एक पायरी आहे. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ, आणि ३,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज. पण तिथे मेंबरशिप, सुपर चॅट असे प्रेक्षकाच्या खिशातून येणारे पैसेच सुरू होतात, जाहिरातींचे नाहीत. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. नऊ मिनिटांची पाककृती लोक सरासरी तीन मिनिटं बघत असतील, तर ८०,००० व्ह्यूज लागतात. सरासरी साडेचार मिनिटांवर नेली तर ५३,००० च्या आसपास भागतं. म्हणून सुरुवातीची दोन मिनिटं 'नमस्कार मंडळी'त घालवणं महागात पडतं. कढईत फोडणी पडतानाच व्हिडिओ सुरू करावा, नमस्कार नंतर.

या तासांत काय धरलं जात नाही, तिथे खरी फसगत होते. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ धरत नाहीत. पैसे भरून जाहिरात म्हणून चालवलेल्या व्हिडिओचा धरत नाहीत. खासगी, अनलिस्टेड आणि काढून टाकलेल्या व्हिडिओंचा धरत नाहीत. अर्ज करण्याआधी 'जरा चॅनेल साफ करू' म्हणून जुने हलणाऱ्या हातांनी काढलेले व्हिडिओ उडवणारे बरेच असतात, आणि त्या व्हिडिओंबरोबर त्यांचे तासही उडतात. दुसरं म्हणजे हे १२ महिने सरकते आहेत. उकडीच्या मोदकांच्या व्हिडिओने गेल्या भाद्रपदात दिलेले तास या भाद्रपदात गळायला लागतात. सणावारी चालणाऱ्या चॅनेलने मोजणी दिवाळीत पूर्ण झाली की लगेच अर्ज करावा, मार्गशीर्षावर ढकलू नये.

शॉर्ट्सचा हिशोब वेगळा. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के चॅनेलला मिळतात. शॉर्ट्समध्ये सगळ्या जाहिरातींचे पैसे एका हौदात जातात, व्ह्यूजप्रमाणे वाटणी होते आणि तुमच्या वाट्याचे ४५ टक्के हातात येतात. त्यातही एक गाणं वापरलं तर त्या शॉर्टच्या नावावरचा अर्धा पैसा आधीच संगीताच्या हक्कदारांकडे वळतो, दोन गाणी वापरली तर दोन तृतीयांश. शॉर्ट्सने नाव होतं, डाळ-तांदूळ मोठा व्हिडिओ आणतो. व्हिडिओ ८ मिनिटांच्या पुढे गेला की मधे जाहिराती टाकता येतात. मात्र त्यासाठी पाच मिनिटांची भेंडीची भाजी नऊ मिनिटं परतली, तर सरासरी पाहणं कोसळतं आणि फायदा उलटतो.

अर्ज केल्यावर चॅनेल माणसं तपासतात. ती सगळे व्हिडिओ बघत नाहीत. चॅनेलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले, सर्वांत नवे आणि सर्वाधिक वेळ मिळवून देणारे व्हिडिओ, शीर्षकं आणि चॅनेलची माहिती एवढ्यावर निकाल लागतो. 'रियूज्ड कंटेंट' (दुसऱ्याचं साहित्य पुन्हा वापरलेलं) किंवा साचेबद्ध कंटेंट म्हणून नकार आला, तर नवे वीस व्हिडिओ टाकून उपयोग होत नाही, कारण दोष बहुधा सर्वाधिक चाललेल्या व्हिडिओतच असतो. कीर्तनाचे दुसऱ्याने टिपलेले तुकडे जोडणं, मालिकांतले प्रसंग, बातम्यांच्या छायाचित्रांवर मशीनचा आवाज, एकाच साच्यातले शंभर सुविचार ही नेहमीची कारणं. २१ दिवसांत अपील करता येतं. नाहीतर पहिल्या नकारानंतर ३० दिवसांनी पुन्हा अर्ज, आणि त्यापुढच्या नकारांना ९० दिवसांची वाट. अपिलासाठी तुम्ही व्हिडिओ कसा बनवता हे दाखवायचं असतं, म्हणून मूळ फुटेज, संहितेची पानं, एडिटिंगची फाइल जपून ठेवावी. फोनची मेमरी भरली की ती पुसणारे अपिलाच्या वेळी रिकाम्या हाताने उभे राहतात.

संगीताचं एक उदाहरण पुण्याला फार लागू आहे. गणपतीच्या आरतीचे शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे आहेत, त्यांवर कुणाचा कॉपीराइट नाही. पण तुम्ही लावलेलं रेकॉर्डिंग एखाद्या कंपनीचं असतं, आणि भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरची ६० वर्षं चालतो. घरच्यांनी टाळ्या वाजवत म्हटलेली आरती वापरा, त्या मुद्रणाचे मालक तुम्ही. मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाचा आवाज चालतो, पण मागून स्पीकरच्या भिंतीवरचं चित्रपटगीत दहा सेकंद जरी शिरलं, तरी कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणी आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा दावा येऊ शकतो. दावा आणि स्ट्राइक यांत मात्र गोंधळ करू नये. दाव्यात बहुधा त्या एका व्हिडिओचे पैसे दुसऱ्याकडे जातात किंवा तेवढा आवाज बंद करावा लागतो. स्ट्राइक ही हक्कदाराची रीतसर कायदेशीर तक्रार असते. ९० दिवसांच्या आत असे तीन जमले तर चॅनेल जातं.

इंस्टाग्रामवरची चूक आणखी बारीक. ॲपच्या लायब्ररीत गाणं दिसतं म्हणून ते पैसे घेऊन केलेल्या रीलला लावता येतं असं नाही. ती परवानगी वैयक्तिक वापराची असते. ब्रँडच्या रीलला मेटाच्या (इंस्टाग्रामच्या मालक कंपनीच्या) साउंड कलेक्शनमधलं किंवा पैसे देऊन परवाना घेतलेलं संगीत लावायचं. रील नंतर आवाज बंद होऊन पडली की ब्रँड पैसे अडवतो, आणि त्याचं चूक असतं असंही म्हणता येत नाही.

आता पाकिटाकडे. यूट्यूबचे पैसे गूगलच्या ॲडसेन्स खात्यातून येतात, आणि हे खातं एका माणसाच्या नावावर एकच चालतं. दहा वर्षांपूर्वी ब्लॉगसाठी उघडून विसरलेलं खातं असेल, तर नवं 'डुप्लिकेट' म्हणून बंद होतं. जुनंच शोधून जोडावं. नाव पॅनवर आणि बँकेत जसं आहे तसंच हवं, म्हणजे वडिलांचं नाव मधे असेल तर तिन्हीकडे असावं. ओळखपत्राची तपासणी झाल्यावर आणि खात्यात १० डॉलर जमल्यावर पत्त्याच्या खात्रीसाठी सहा आकडी पिन साध्या टपालाने निघतो. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. हे पत्र रजिस्टर नसतं, सही घेत नाहीत, ट्रॅकिंग नाही. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या पत्रपेट्यांत, वीजबिलं आणि क्लासच्या पत्रकांच्या गठ्ठ्यात ते पडून राहतं. पत्ता इंग्रजीत, आधी फ्लॅट आणि विंग, मग सोसायटी, मग रस्ता आणि भाग, शेवटी पिनकोड. 'मारुतीच्या देवळामागे' हे पोस्टमनला कळतं, पण ओळ लांबली की पत्त्याचा शेवट कापला जातो. वॉचमनला सांगून ठेवणं हा यातला सगळ्यात परिणामकारक उपाय. तीन आठवडे उलटले तर नवा पिन मागवता येतो. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत भरला नाही, किंवा तीनदा चुकीचा भरला, तर जाहिराती थांबतात.

त्यानंतर बँक. पैसे परदेशातून वायर ट्रान्सफरने येतात, म्हणून स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख लागते. पतसंस्थेचं खातं चालत नाही, आणि पुण्यातल्या बऱ्याच लहान सहकारी बँकांकडे स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. मोठ्या बँकेतही प्रत्येक शाखेला तो नसतो. शाखेत जाऊन 'परदेशातून पैसे येण्यासाठी कोणता स्विफ्ट कोड द्यायचा?' असं विचारून तो लिहून घ्यावा. इंटरनेटवर सापडलेला टाकू नये. पहिल्या वेळी बँक पैसे कशाचे ते विचारते. जाहिरातींच्या उत्पन्नाचे असं सांगून त्याप्रमाणे परपज कोड द्यायचा. 'घरून पाठवलेत' असं सांगून मोकळं व्हायचा मोह टाळावा, कारण नंतर ते उत्पन्न निर्यात सेवा म्हणून दाखवताना तोच कोड आडवा येतो. परकीय रक्कम जमा झाल्याचं बँकेचं पत्र दर वेळी मागून घ्यायचं. वर्षाअखेरी बारा पत्रं एकदम मागितली की काउंटरवरचा चेहरा बदलतो.

वेळापत्रक असं: जानेवारीची पक्की कमाई ७ ते १२ फेब्रुवारीदरम्यान ॲडसेन्समध्ये दिसते, आणि शिल्लक १०० डॉलरच्या वर असेल तर २१ ते २६ तारखेला निघते. १०० च्या खाली असेल तर पुढच्या महिन्यात मिळवली जाते. नव्या चॅनेलला पहिले १०० डॉलर जमायलाच सहा-आठ महिने लागले तर त्यात नवल नाही.

अमेरिकी कराचा फॉर्म डब्ल्यू-८बेन लोक 'आपला काय संबंध' म्हणून सोडून देतात. संबंध असा की अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून होणारी कमाई तिथे करपात्र धरतात, आणि फराळाचे व्हिडिओ न्यू जर्सीत बघितले जातात. फॉर्म भरून, पॅन देऊन, भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर या कमाईवर (तिथे ती रॉयल्टी धरतात) १५ टक्के कपात होते, तीही फक्त अमेरिकेतल्या कमाईवर. समजा १०० डॉलरमधले २० तिथले, तर कपात ३ डॉलर. फॉर्मच भरला नाही तर वैयक्तिक खात्यावर जगभरच्या सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात, म्हणजे २४ डॉलर. फॉर्मची मुदत सही केलेल्या वर्षानंतर तीन कॅलेंडर वर्षं असते, तेव्हा ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवावी. कापलेल्या रकमेचं श्रेय भारतात मागता येतं, त्यासाठीचा फॉर्म (जुन्या आयकर नियमांत फॉर्म ६७) वेळेत भरायचा.

जाहिरातींचा वाटा हा झाला एक नळ. इंस्टाग्राम आपल्याकडे रीलच्या व्ह्यूजवर असा ठरलेला वाटा देत नाही, तिथला पैसा ब्रँड आणि दुकानदार देतात. इथे व्ह्यूजपेक्षा करारातली वाक्यं महत्त्वाची. कोटेशन देताना आम्ही एकच आकडा सांगत नाही, तुकडे पाडून सांगतो: रील बनवण्याचे वेगळे, आमच्या अकाउंटवर टाकण्याचे वेगळे, आणि ब्रँडने ती रील स्वतःच्या जाहिरातीत चालवायची असेल तर त्याचे महिन्याच्या हिशोबाने वेगळे. मसुद्यात 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' असं वाक्य हमखास असतं. ते तसंच राहिलं तर तुमचा चेहरा तीन वर्षांनी लक्ष्मी रस्त्यावरच्या फलकावरही दिसू शकतो आणि जादा पैसे मागायला जागा उरत नाही. तिथे '९० दिवस, फक्त मेटाच्या जाहिराती' असं लिहून घ्यायचं.

एक्सक्लुझिव्हिटीचं कलम त्याहून गोड दिसतं. मसाल्याच्या ब्रँडने सप्टेंबरात तीन महिने दुसऱ्या मसाल्याचं काम करू नका म्हटलं, की गणपती, नवरात्र आणि दिवाळी असा अख्खा हंगाम एका रीलच्या किमतीत गेला. हंगामातल्या एक्सक्लुझिव्हिटीची किंमत रीलहून जास्त असायला हवी, नाहीतर ते कलम काढायला सांगावं. निम्म्याहून अधिक वेळा ते मुकाट्याने काढतात. मसुदा साच्यातला असतो, कुणी वाचतं का एवढंच बघायचं असतं.

दुरुस्त्यांची संख्या लिहिलेली नसेल तर ठरलेली रक्कम फेरशूटमध्ये विरघळते. आम्ही संहिता आधी मंजूर करून घेतो. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण १२०-१३० शब्द बसतात, म्हणजे ४० सेकंदांच्या रीलला ८०-८५. ब्रँडकडून आलेली दीडशे शब्दांची इंग्रजी टिपणं इथेच छाटायची. शूट झाल्यावर मजकूर आणि कापाकापीची एकच फेरी. पुन्हा शूट म्हणजे नवे पैसे.

फेरशूटची कारणं मात्र बहुतेक आपलीच असतात. घरातले स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, फोनचं शटर १/५० किंवा १/१०० ला बांधलं नाही तर चित्रात पट्टे सरकतात. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत मिळणारा बोया बीवाय-एम१ सारखा सहा मीटर वायरचा माइक स्वस्तात मस्त, पण त्यावरची कळ फोनसाठी आणि कॅमेऱ्यासाठी वेगळीकडे असते. कॅमेऱ्याला लावताना आतला एलआर४४ सेल संपलेला असेल तर आवाजच येत नाही. दहा सेकंदांची चाचणी करून हेडफोनने ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये. देवनागरी अक्षरं काही ॲपमध्ये फुटतात, 'द्ध' आणि 'ऱ्या' टाइप करून आधी बघावं. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' ठेवायचं असतं. मुक्ता आणि बालू हे फाँट व्यावसायिक कामाला मोफत चालतात. गुरुवारी शूट ठेवू नये, देखभालीसाठी वीज किंवा पाणी जाण्याचा वार बहुधा तोच. दुकानाचं शूट दुपारी एक ते चार ठेवावं. पुणेरी विश्रांतीची थट्टा खूप झाली, पण गिऱ्हाईक नसलेलं दुकान आणि बंद स्पीकर त्याच वेळात मिळतात. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस इथे पुरातत्त्व खात्याची हद्द आहे. हातातल्या फोनवर घरगुती चित्रण निराळं आणि ट्रायपॉड-लाइट लावून ब्रँडचं काम निराळं, त्याला आधी परवानगी काढावी लागते. ड्रोनचं तर लोहगावच्या हवाई तळामुळे शहरात नावच काढू नये, निदान डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघितल्याशिवाय.

पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर ते सांगणं बंधनकारक आहे. ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत लांबीच्या एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत तो ब्रँड येतो त्या अख्ख्या भागात दिसलं पाहिजे. मराठी रीलवर सरळ 'जाहिरात' लिहावं. पंधरा हॅशटॅगच्या शेपटीत ते लपवलं तर चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत जाऊ शकतो. ब्रँडचा माणूस 'लेबल नको, रीच पडते' म्हणाला तर ते त्याला ईमेलवर लिहायला सांगावं. तो लिहीत नाही.

बिल हा शेवटचा आणि सगळ्यात आळसाने केला जाणारा भाग. बिलावर क्रमांक, तारीख, पॅन, कामाचं नेमकं वर्णन, पोस्टची लिंक आणि बँक तपशील हवेत. त्यावर उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांकही असावा. ही नोंदणी ऑनलाइन, मोफत आणि अर्ध्या तासात होते. तिच्यामुळे लहान उद्योग म्हणून कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा हक्क येतो, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, आणि वेळेत न दिलेली रक्कम त्या कंपनीला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. एजन्सीच्या हिशोबनिसाला बाकी काही नाही तरी हे शेवटचं वाक्य कळतं. '९० दिवसांनी पेमेंट' असं छापलेल्या करारावर हा क्रमांक सुरुवातीलाच पुढे करावा.

६०,००० रुपयांच्या बिलावर व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के टीडीएस कापला तर ५४,००० येतात. कंत्राट म्हणून १ टक्का कापला तर ५९,४००. कुठल्या कलमात कापणार ते आधी विचारावं. फुकट मिळालेल्या वस्तूंनाही हे लागतं. जुलै २०२२ पासून एका ब्रँडकडून वर्षात २०,००० रुपयांच्या वर वस्तू मिळाल्या आणि तुम्ही त्या ठेवून घेतल्या, तर १० टक्के कर भरावा लागतो. ४०,००० चा फोन ठेवला तर ४,००० रुपये कराचे, आणि फोन विकून तर तुम्ही ते भरणार नसता. परत केला तर कर नाही, मात्र परत पाठवल्याची कुरिअरची पावती जपायची. जुन्या कायद्यात हे कलम १९४आर होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा जुन्या बिलाची नक्कल मारताना सावध.

जीएसटीची २० लाखांची मर्यादा मोजताना ब्रँडचे पैसे आणि परदेशातून आलेले ॲडसेन्सचे पैसे दोन्ही मिळवायचे. 'डॉलरवर जीएसटी नाही' हे अर्धसत्य आहे. निर्यातीवर कराचा दर शून्य असला तरी मर्यादेत ती रक्कम धरतात, आणि नोंदणी झाल्यावर कर न भरता निर्यात करायची तर दर आर्थिक वर्षी एलयूटी हे हमीपत्र द्यावं लागतं.

कापलेला टीडीएस खरंच जमा झाला का, हे तिमाहीनंतर आयकर पोर्टलवरच्या आपल्या टीडीएसच्या विवरणात (जुन्या नियमांत फॉर्म २६एएस) बघायचं. तिथे तो दिसला नाही, तर बहुतेक वेळा एजन्सीने पॅनमधलं एक अक्षर चुकवलेलं असतं किंवा विवरणपत्रच भरलेलं नसतं. बिलाचा क्रमांक, जमा झालेली रक्कम आणि तारीख लिहून त्यांच्या हिशोब विभागाला ईमेल टाकायचा आणि दुरुस्त विवरणपत्राची पोचपावती मागायची. जून संपायच्या आधी हे केलं तर रिटर्न वेळेत जातं. जुलैत तोच हिशोबनीस फोन उचलत नाही.